पक्षांचे समझोते आणि धम्माची कसोटी



निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. काल ज्या दोन पक्षांचे पुढारी एकमेकांची अब्रू वेशीवर टांगत होते, तेच आज एका व्यासपीठावर उभे राहून एकमेकांच्या गळ्यात हार घालतात. वस्तीतला तरुण म्हणतो, ‘हे सगळे एकाच माळेचे मणी.’ वडीलधारी माणसे म्हणतात, ‘भांडणापेक्षा समेट बरा. भगवंतांनीही ऐक्यच सांगितले आहे.’ दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे आणि दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. म्हणून हा प्रश्न नीट मांडला पाहिजे. वर्षानुवर्षे सत्तेत मुरलेले, एकमेकांचे वैरी म्हणविणारे पक्ष जेव्हा समझोता करतात, तेव्हा लोकशाही बळकट होते, की सत्ता आहे त्याच हातांत कायम होते?

हा राजकारणाचा प्रश्न धम्माच्या पाक्षिकात कशाला, असे आपणांपैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, बाबासाहेबांनी आपणांस जो धम्म दिला तो केवळ विहारात वंदना म्हणण्यापुरता नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा त्या धम्माचा गाभा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी देशाला आठवण करून दिली होती की, संसदीय कामकाजाचे नियम या भूमीला नवे नाहीत. ठराव, मतदान, गणपूर्ती हे सारे भिक्खुसंघाला ठाऊक होते. तेव्हा आपण बौद्ध झालो याचा अर्थ, आपण एका जुन्या लोकशाही परंपरेचे वारस झालो, असाही आहे. वारसाला आपल्या ठेव्याची पारख हवी.

एका दूरदेशीची हकिगत

या प्रश्नाचा अनुभव पुरेपूर घेतलेला एक देश आहे, दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया. तेथे उदारमतवादी आणि परंपरावादी असे दोन जुने पक्ष. बाप ज्या पक्षात, मुलगा त्याच पक्षात, अशी स्थिती. पक्ष जणू जात होऊन बसला होता. ९ एप्रिल १९४८ रोजी बोगोटा या राजधानीत गाइतान नावाच्या पुढाऱ्याचा खून झाला. तो उदारमतवादी पक्षाचा होता, पण गोरगरिबांची बाजू घेऊन बोलणारा म्हणून लोकांना प्रिय होता. त्याच्या खुनानंतर देश पेटला. पुढच्या दहा वर्षांत दोन पक्षांच्या अनुयायांनी एकमेकांची गावे जाळली. सुमारे दोन लाख माणसे मारली गेली, असे मानले जाते. मेलेल्यांत बहुतेक खेड्यांतले शेतकरी आणि मजूर होते. १९५३ साली एका लष्करी अधिकाऱ्याने, रोहास पिनिया याने, सत्ता बळकावली.

मग दोन्ही पक्षांचे पुढारी शुद्धीवर आले. १९५६ आणि १९५७ साली स्पेनमधील बेनिदोर्म आणि सित्खेस या गावी त्यांच्यात करार झाले. हुकूमशहा १९५७ च्या मे महिन्यात गेला. त्याच वर्षी १ डिसेंबरला या व्यवस्थेवर सार्वमत घेण्यात आले आणि लोकांनी प्रचंड बहुमताने ती मान्य केली. व्यवस्थेचे नाव ‘राष्ट्रीय आघाडी’. ती १९५८ पासून १९७४ पर्यंत चालली. तिच्यात ठरले ते असे: राष्ट्राध्यक्षपद चार वर्षे एका पक्षाकडे, चार वर्षे दुसऱ्याकडे. संसदेतील जागा, मंत्रिपदे, सरकारी हुद्दे, सगळे निम्मे-निम्मे. ठरल्याप्रमाणे चार राष्ट्राध्यक्ष झाले, दोन याचे आणि दोन त्याचे.

यातला चांगला भाग आधी सांगू. गावे जाळणारे दोन पक्ष एकमेकांवर हात उगारायचे थांबले. लष्करी राजवट संपली. आपण रोज पंचशील म्हणतो आणि त्यातले पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. ज्या समझोत्याने हजारो माणसांचे प्राण वाचले, त्याला नुसती सोयरीक म्हणून हिणवणे बौद्धाला शोभणार नाही. जळत्या घरात पाणी कोणी ओतले, हे विचारण्याआधी आग विझली, याचे समाधान मानले पाहिजे.

परंतु पुढे काय झाले? निम्मे याचे आणि निम्मे त्याचे, असे ठरल्यावर तिसऱ्याचे काय उरले? शून्य! तिसऱ्या पक्षाला आपल्या नावाने उमेदवारच उभा करता येईना. उभे राहायचे तर या किंवा त्या पक्षाचे लेबल लावूनच. मतदाराने कोणालाही मत दिले तरी निकाल आधीच ठरलेला. १९५७ च्या त्या सार्वमतात कोलंबियाच्या स्त्रियांनी प्रथमच मतदान केले होते. ज्या दिवशी त्यांच्या हाती मत आले, त्याच दिवशी पुढच्या निवडणुकांतून निवड काढून घेण्याचा पायाही घातला गेला.

आणि पोटाचा प्रश्न? जमीन थोड्यांच्या हाती होती, ती तशीच राहिली. १९६१ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला, थोडे काम झाले, भूमिहीन संघटित होऊ लागले. तेव्हा १९७२ साली चिकोराल या गावी दोन्ही पक्षांचे राजकारणी आणि मोठे जमीनदार एकत्र बसले. आणखी एक समझोता झाला आणि जमीन सुधारणा थंडावली. यावरून एक गोष्ट उघड होते. पक्ष दोन होते, पण जमिनीच्या बाबतीत त्यांचे हित एक होते. भांडण होते तेव्हा मजुराचे रक्त सांडले आणि समेट झाला तेव्हा मजुराची जमीन गेली.

बंद दाराबाहेर उभी राहिलेली माणसे गप्प बसत नाहीत. १९६४ साली शेतकऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांतून मोठी बंडखोर संघटना उभी राहिली. १९७० च्या निवडणुकीत तोच जुना हुकूमशहा गरिबांचा कैवारी म्हणून उभा राहिला आणि थोडक्या मतांनी हरला. मतमोजणीत लबाडी झाली, असे त्याच्या अनुयायांचे म्हणणे होते. त्यांच्यातल्या तरुणांनी मतदानाच्या तारखेचे, १९ एप्रिलचे, नाव घेऊन दुसरी बंडखोर संघटना काढली. त्या देशाच्या ऐतिहासिक स्मृती केंद्राने २०१३ साली अहवाल दिला. १९५८ ते २०१२ या काळातील संघर्षात सुमारे दोन लाख वीस हजार माणसे बळी पडली, असे त्यात नमूद आहे. या रक्तपाताला अफूकोकेनच्या धंद्यासारखी इतरही कारणे होती, सारा दोष समझोत्यावर टाकणे न्यायाचे नाही. पण लोकशाहीचा दरवाजा सोळा वर्षे दोघांनीच अडवून धरला नसता, तर बंदूक उचलणाऱ्यांना ती उचलण्याचे इतके मोठे निमित्त मिळाले नसते. १९९१ साली नवे संविधान लिहिले गेले. ते लिहिणाऱ्या सभेत शस्त्रे खाली ठेवलेले ते १९ एप्रिलवालेही निवडून आले होते. दार उघडले तेव्हा त्यांनी बंदूक सोडली, हे विसरू नये.

गवताने काय झाकावे, काय झाकू नये

आता आपल्या धम्माकडे वळू. भगवंतांनी ऐक्य सांगितले, हे खरे. वज्जी लोक जोवर एकत्र जमतील, एकोप्याने विचार करतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे त्यांनी मगधाच्या मंत्र्याला ऐकू जाईल अशा रीतीने सांगितले. पण कोणते ऐक्य? विनयपिटकात याचे इतके स्पष्ट उत्तर आहे की आजच्या राजकारण्यांनी ते वाचावे.

संघातील तंटे मिटवण्याचे सात मार्ग विनयात सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. दोन गट इतके भांडले की एकेकाचा एकेक अपराध उकरत बसले तर भांडण वाढतच जाईल, अशा वेळी दोन्ही गटांनी एकत्र यावे, दोन्हीकडून चुकीची कबुली द्यावी आणि घाणीवर गवत पसरावे तसे ते प्रकरण झाकून टाकावे. हा समझोताच झाला. म्हणजे बुद्धाच्या शासनात समझोत्याला स्थान आहे.

पण या नियमाला दोन अपवाद आहेत आणि सारे मर्म त्या अपवादांत आहे. जो अपराध गंभीर आहे तो गवताखाली झाकता येत नाही. आणि जो अपराध गृहस्थांशी संबंधित आहे, तोही झाकता येत नाही. विचार करा. दोन गट भिक्खूंचे. आपसांत त्यांनी एकमेकांना काय म्हटले, ते एकमेकांना क्षमा करू शकतात, कारण अपमान त्यांचाच झाला होता. परंतु बाहेरच्या सामान्य गृहस्थावर जो अन्याय झाला, त्याची क्षमा करणारे हे दोघे कोण? ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून दोघांनी केलेली माफी ही माफीच नव्हे.

दुसरा दाखला कोसंबीचा. तेथे दोन भिक्खूंचे भांडण शौचालयातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून निघाले आणि त्यावरून संघ दुभंगला. भगवंतांनी समजावले तरी कोणी ऐकेना, म्हणून ते एकटे अरण्यात निघून गेले. पुढे समेट झाल्यावर उपाली स्थविरांनी एक प्रश्न विचारला. उपाली मूळचे न्हावी, पण विनयाच्या ज्ञानात संघात त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. त्यांनी विचारले की, ज्या गोष्टीवरून भांडण झाले तिचा निर्णय न करता, मुळाशी न जाता, संघाने ऐक्य जाहीर केले तर ते ऐक्य धम्माला धरून होईल काय? भगवंतांनी उत्तर दिले की, नाही. ते ऐक्य केवळ शब्दांत आहे, अर्थाने नाही. मुळाशी जाऊन निर्णय करून जे ऐक्य होते, तेच शब्दाने आणि अर्थानेही ऐक्य.

‘भगवंतांनी ऐक्य सांगितले’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही दुसरी बाजू लक्षात घ्यावी. कोलंबियाचा समझोता या कसोटीवर लावून पाहा. पुढाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या शिव्या त्यांनी गवताने झाकल्या, ते ठीकच. पण दोन लाख प्रेते आणि भूमिहीनांची जमीन हीसुद्धा त्याच गवताखाली गेली. ती त्यांची झाकण्याची वस्तू नव्हती.

आपल्या घरची गोष्ट

दुसऱ्याचे उदाहरण देऊन आपण मोकळे होऊ नये. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे १९६७ साली याच पक्षाने काँग्रेसशी समझोता केला. त्यामागे कारण होते. विखुरलेला अल्पसंख्य समाज एकट्याच्या बळावर निवडून येत नाही. जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत आपली माणसे बसली तर वस्तीला विहीर आणि शाळा तरी मिळेल. हा विचार त्या परिस्थितीत मूर्खपणाचा नव्हता. दादासाहेबांच्या त्यागाबद्दल तर शंकाच नको. परंतु जागा वाटपाची बोलणी सुरू झाली आणि जमिनीची मागणी मागे पडली. पक्षात गट पडले आणि गटागटाचा स्वतंत्र समझोता होऊ लागला. खेड्यांत बहिष्कार आणि मारहाण चालूच राहिली, आणि ज्यांच्याशी समझोता त्यांच्याविरुद्ध बोलायचे कसे, हा पेच पुढाऱ्यांपुढे उभा राहिला. म्हणून तर १९७२ साली तरुणांनी दलित पँथर काढली.

पण दुसरी बाजूही पाहा. १९८९ च्या शेवटी दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले. योगायोगाने त्याचेही नाव ‘राष्ट्रीय आघाडी’च होते. त्याला भारतीय जनता पक्ष आणि डावे पक्ष, एकमेकांचे कट्टर विरोधक, दोघांचाही बाहेरून पाठिंबा होता. वर्षही पुरे टिकले नाही ते सरकार. पण त्याच काळात, १९९० साली, बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती कायद्याने मिळाल्या. धर्मांतर केले म्हणून जे हक्क चौतीस वर्षे अडवून ठेवले होते, ते परत मिळाले. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न देण्यात आले आणि मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर झाली. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीतही काँग्रेसशी झालेल्या समझोत्यातून महाराष्ट्रातून रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार निवडून गेले.

हे दोन्ही अनुभव शेजारी ठेवले म्हणजे फरक दिसतो. एका समझोत्यात आपली मागणी पुढे सरकली. दुसऱ्यात आपली माणसे पुढे सरकली आणि मागणी मागे राहिली.

आता आपल्या गावात या. ग्रामपंचायत ‘बिनविरोध’ झाली की गावाचे कौतुक होते. काही आमदारांनी अशा गावांना बक्षिसेही जाहीर केली आहेत. खर्च वाचतो, डोकी फुटत नाहीत, हे मान्य. पण बिनविरोध ठरते कोठे? बहुधा दोन मोठ्या घरांच्या बैठकीत, आणि कधी कधी अशा देवळात की जेथे आपण जात नाही. आपल्या राखीव जागेवर कोण बसणार, तेही तेथेच ठरते, आणि तेथे पसंत पडतो तो मान खाली घालणारा. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले होते. कोलंबियात जे सोळा वर्षे देशपातळीवर झाले, ते आपल्याकडे एका रात्रीत गावपातळीवर होते. फरक एवढाच की त्याला आपण ‘गावाचा एकोपा’ असे गोड नाव देतो.

विरोधक का हवा

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या वकिलांपुढे बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय काय लागते, हे सांगितले. समाजात भयंकर विषमता नसावी, ही पहिली अट. दुसरी अट विरोधी पक्षाची. पाच वर्षांनी एकदा सत्ताधाऱ्याला जाब विचारून भागत नाही. रोजच्या रोज, समोरासमोर, त्याला अडवणारा कोणी तरी सभागृहात असला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. मग सगळेच पक्ष सत्तेच्या एका पंगतीला बसले तर वाढप्याला जाब कोण विचारणार? आणि जो पंगतीबाहेर उभा आहे, त्याच्या पानाचे काय?

यावर कोणी म्हणेल, आपण थोडे आहोत, समझोत्याशिवाय आपणांस काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आमचे म्हणणे समझोता करूच नये असे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, थोड्यांजवळ विकायला फार नसते, म्हणून थोड्यांनी सौदा अधिक पारखून करावा. पुणे कराराचा अनुभव आपल्या पाठीशी आहे. १९३२ साली एका बाजूला उपोषण आणि साऱ्या देशाचा दबाव, दुसऱ्या बाजूला एकटे बाबासाहेब. जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला, आणि आपला प्रतिनिधी दुसऱ्यांच्या मतांवर अवलंबून राहिला. त्याची खंत बाबासाहेबांना पुढेही राहिली. दबावाखाली झालेल्या समझोत्यात आकडा मोठा दिसतो आणि अधिकार लहान होतो, हे त्यातून आपण शिकलो पाहिजे.

चार प्रश्न

तेव्हा कोणत्याही पक्षांचा समझोता जाहीर झाला, मग त्यात आपले पुढारी असोत वा नसोत, कालामांना भगवंतांनी सांगितले तसे, कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मान्य करू नका आणि कोणी रागाने नाकारतो म्हणून नाकारूही नका. चार प्रश्न विचारा.

पहिला: या समझोत्याने काय झाकले? पुढाऱ्यांची आपसांतली भांडणे झाकली असतील तर झाकू द्या. पण अत्याचाराचा खटला, गायरानाचा वाद, शिष्यवृत्तीचे थकलेले पैसे, हे झाकले असेल, तर ते झाकण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

दुसरा: मूळ कारणापर्यंत कोणी गेले काय? की फक्त जागांचे आकडे ठरले?

तिसरा: तिसऱ्याला दार उघडे आहे काय? उद्या आपल्यापैकी कोणी स्वतंत्र उभा राहिला, तर त्याला उभे राहू देतील काय?

चौथा: समझोता लेखी आहे काय, लोकांपुढे आहे काय, आणि तो कधी संपणार हे ठरले आहे काय? औषध मुदतीपुरते घेतात. जे जन्मभर घ्यावे लागते ते औषध राहत नाही, व्यसन होते.

या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तो समझोता लोकशाहीला बळ देतो. नसतील, तर पक्षांची नावे कितीही असोत, सत्ता एकच आहे आणि ती आपली नाही.

उपासकांनी काय केले

विचारून काय होणार, आमचे कोण ऐकतो, असे म्हणू नका. कोसंबीच्या हकिगतीचा शेवट आपण मुद्दाम राखून ठेवला आहे. तेथील भांडण कोणी मिटवले? राजाने नाही, मंत्र्याने नाही. कोसंबीच्या साध्या उपासक-उपासिकांनी ते मिटवले. या भिक्खूंमुळे भगवंत आपल्याला सोडून गेले, हे कळताच त्यांनी ठरवले की यांना वंदन करायचे नाही, सत्कार करायचा नाही, भिक्षा वाढायची नाही. कोणी काठी उचलली नाही की कोणी शिवी दिली नाही. त्यांनी पळी फक्त आवरून धरली. थोड्याच दिवसांत ते भिक्खू श्रावस्तीला भगवंतांकडे गेले. ज्याचा दोष होता त्याने तो कबूल केला आणि मुळापासून समेट झाला.

आपल्या हातातले मत ही आजची पळी आहे. ती कोणाच्या पात्रात रिकामी करायची, हे पात्र पुढे करणाऱ्याने ठरवायचे नसते. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास बसा. आपल्या भागात कोणी कोणाशी काय ठरवले आहे ते मोठ्याने वाचून दाखवा. लेखी नसेल तर लेखी मागा. घरातील स्त्रियांना आणि प्रथमच मतदान करणाऱ्या मुलामुलींना पुढे बसवा, त्यांना हे चार प्रश्न विचारू द्या. उमेदवार दारात येईल तेव्हा चहा जरूर द्या, पण चहाबरोबर प्रश्नही द्या. तो आपलाच माणूस असेल तर प्रश्न अधिक नेटाने विचारा, कारण आपल्या नावावर समझोता तोच करणार आहे.

दीक्षा घेताना आपण कोणाच्याही पायावर डोके ठेवणे सोडले. दोन पुढाऱ्यांच्या हातमिळवणीपुढेही ते ठेवण्याचे कारण नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!